पाचपैकी पाच

२०२४ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. शैक्षणिक कर्जाचा पुढचा हप्ता सोडण्याआधी बँकेनं लेकीची गुणपत्रिका मागितली होती. आमची लेक जर्मनीत, केम्निट्झ नावाच्या शहरात इंजिनिअरिंगचं पदव्युत्तर शिक्षण घेते. "पाठवते, पाठवते" करत तिनं दहा-बारा दिवस काढले आणि एका दुपारी एकदाची ती गुणपत्रिका ह्यांच्या मोबाइलवर आली. ह्यांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अगं, ऐकलंस काय? दोन विषयांत पोरीला पाचपैकी पाच! बाकीच्यांत दोन, अडीच असंच काहीतरी आहे, पण दोन विषयांत पैकीच्या पैकी की!"

संध्याकाळी उद्यमबागेतून परतताना ते अर्धा किलो कुंदा घेऊन आले. शेजारच्या दोन घरांत वाटूनही झाला. रात्री नऊला लेकीचा फोन आला तेव्हा ह्यांनी आधी तिचं अभिनंदन केलं. पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही. आम्हाला वाटलं, फोन कट झाला. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, इथं एक म्हणजे सगळ्यात चांगलं. चारपर्यंत पास. पाच म्हणजे नापास."

कुंद्याचा डबा ओट्यावर तसाच उघडा राहिला.

आता बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गल्ल्यागल्ल्यांतून एखादं तरी पोर परदेशी शिकायला गेलेलं असतं. पूर्वी मुलाला धारवाडला किंवा पुण्याला पाठवताना आईच्या पोटात जो गोळा यायचा, तोच आता विमानतळावर येतो. जाणाऱ्या मुलांना सांगायला वर्ग आहेत, एजंट आहेत, ढीगभर माहिती आहे. मागं राहणाऱ्या आईबापांनी काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. आम्ही ते चुकत चुकत शिकलो. मी या विषयातली जाणकार नव्हे, प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं शिकवलेली एक बाई. जे अंगावर आलं ते लिहिते आहे. कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

पैशाचं बोलणं आधी आणि उघड

लेक २०२३ च्या सप्टेंबरअखेर गेली. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नसते, सेमिस्टरची वर्गणी तेवढी भरावी लागते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सेमिस्टरला १५०० युरो घेतात. "फी नाही म्हणजे फुकटच की" असं नातेवाईक म्हणायचे. खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटलं होतं.

तसं नसतं. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-जेवण्याचे पैसे आधीच एका खात्यात भरून दाखवावे लागतात. त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. पैसे मुलीचेच, पण तिला ते एकदम काढता येत नाहीत, दरमहा ठरलेली रक्कम मिळते. आमच्या वेळी हा आकडा वर्षाला ११,२०८ युरो होता, म्हणजे तेव्हाच्या भावानं दहा लाखांच्या आसपास. २०२४ च्या सप्टेंबरपासून तो ११,९०४ युरो झाला, महिन्याला ९९२. एक वर्ष सरलं, राहण्याचा परवाना वाढवायची वेळ आली की पैशाचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो. पहिल्या वर्षाची तजवीज झाली म्हणून हात झटकून चालत नाही.

शिवाय सुरुवातीचा खर्च वेगळाच. खोली भाड्यानं घेताना मालक अनामत मागतो. तिथल्या कायद्यानं ती मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. आरोग्य विमा सक्तीचा, त्याला महिना सव्वाशे-दीडशे युरो जातात. थंडीचे कपडे, अंथरूण-पांघरूण, तवा-पातेलं घ्यायचं. हे सगळं पहिल्या पंधरा दिवसांत येतं आणि ब्लॉक्ड अकाउंट चालू व्हायला कधी कधी तितकेच दिवस लागतात. म्हणून त्या खात्याशिवाय दीड-दोन लाख रुपये हाताशी ठेवा. आमच्याकडे ते सासूबाईंनी दिले. आपल्या पाटल्या त्यांनी स्वतः काढून ह्यांच्या हातात ठेवल्या. "माझ्या हाताला आता जड होतात" म्हणाल्या.

बाकीच्यासाठी कर्ज काढलं. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँक सहसा तारण मागते, आम्ही शहापुरातलं घर तारण दिलं. शिक्षण संपून साधारण वर्षभरानं हप्ते सुरू होतात हे खरं, पण व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं. जमत असेल तर ते दरमहा भरत जावं, नाहीतर शेवटी ते मुद्दलात जाऊन बसतं. या व्याजावर प्राप्तिकरात सूट मिळते, पण ती जुन्या करपद्धतीतच. परदेशी पैसे पाठवताना बँक जो टीसीएस कापते, त्याचे नियम अर्थसंकल्पात बदलत राहतात. २०२५ च्या एप्रिलपासून शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर तो लागत नाही, आणि स्वतःच्या पैशाची मर्यादा सात लाखांवरून दहा लाख झाली. कापला गेला तर घाबरायचं नाही, विवरणपत्र भरताना तो आपल्या करात वळता करून घेता येतो.

हे सगळं मुलासमोर बसून, वहीत लिहून करावं. आम्ही केलं नाही. "तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो" एवढंच म्हणालो. मग एकदा हे फोनवर सहज बोलून गेले, "व्याजच महिन्याला किती जातं ठाऊक आहे काय?" मनात काही नव्हतं त्यांच्या. पण लेकीनं ते मनात धरलं. आठवड्यातले दोन दिवस ती एका गोदामात खोकी उचलायला जाऊ लागली. तिथं विद्यार्थ्यांना काम करायला मुभा आहे. २०२४ च्या मार्चपासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. त्या वर्षी किमान वेतन तासाला १२.४१ युरो होतं. वाईट काही नाही त्यात, कष्ट करून शिकणं आपल्याकडेही नवं नाही. पण पहिल्याच सेमिस्टरला, अभ्यासाची पद्धत अंगवळणी पडायच्या आधी, फक्त आमचं ओझं कमी करायला ती रात्रपाळी करत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. हिशेब उघड मांडला असता तर तिला कळलं असतं की व्याज आम्हाला झेपतं आहे.

कागद आणि पिशवी

कागदपत्रांची खटपट मुलंच करतात, पण घरच्यांना त्यातलं थोडं ठाऊक असावं. भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं. ते दिल्लीच्या केंद्राकडून येतं आणि त्याला वेळ लागतो. आपण कर्नाटकात म्हणून आमच्या मुलीला व्हिसासाठी बेंगळुरूला जावं लागलं. तासाभराच्या अंतरावर चंदगडला राहणाऱ्या आमच्या भाच्याला मात्र मुंबई-पुण्याची वाट धरावी लागली. सीमेवरच्या माणसाला याची सवय असते!

जाण्याआधी सगळ्या कागदांच्या प्रती घरी एका फायलीत लावा. बँकेच्या कामासाठी मुलानं आईच्या किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलं तर पुढची धावपळ वाचते. आणि एक अगदी साधी गोष्ट, त्याचं इथलं सिमकार्ड चालू ठेवा. बँकेचा, आधारचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. रिचार्ज विसरला की तिकडं मूल अडकतं. आमच्या घरात तो रिचार्ज ह्यांच्याकडे आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते देवाला फूल घालतात आणि लेकीचा रिचार्ज मारतात.

आता पिशवी. सासूबाईंची इच्छा होती की नातीनं दोन किलो कुंदा आणि लोणकढं तूप न्यावं. पण युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत आणि कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांनाही सरकारी प्रमाणपत्र लागतं. नारळाला मात्र सूट आहे. सासूबाईंना याचं फार नवल वाटलं. "दूध नको आणि नारळ चालतो? देवाधर्माचं कळतंय म्हणायचं त्यांना!" शेवटी पिशवीत गेलं ते वर्षाचं तिखट, गोडा मसाला, चटणीचे तीन प्रकार, पोहे, साबुदाणा, छोटा कुकर आणि एक सोललेला नारळ.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, स्वतःपुरती न्यावीत. तिथं अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि इथून नंतर पोस्टानं औषधं पाठवता येत नाहीत. फराळाचं पार्सल पाठवताना आतल्या वस्तूंची किंमत खरी लिहावी. घरच्यांनी भेट म्हणून पाठवलेल्या ४५ युरोपर्यंतच्या वस्तूंवर तिकडं जकात बसत नाही.

पण खरं सांगू? पार्सलपेक्षा मुलांना दोन भाज्या, एक आमटी आणि भात शिकवून पाठवणं जास्त मोलाचं. मुलगा असो की मुलगी. आमची लेक जाण्याआधी महिनाभर आज्जीच्या हाताखाली उभी राहिली. फोडणी कधी घालायची, हे तिला आज्जीनं डोळ्यांनी नव्हे, वासानं ओळखायला शिकवलं.

फोन कधी, किती आणि कशासाठी

जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं असते. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथं घड्याळं तासभर पुढं-मागं करतात. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या ऑक्टोबरच्या शेवटी "रोज नऊला येणारा फोन आज दहा वाजले तरी नाही" म्हणून घरात नुसता गोंधळ! ह्यांनी भाच्याला उठवलं, भाच्यानं मित्राला, मित्रानं लेकीच्या खोलीचं दार वाजवलं. ती आपली शांतपणे भांडी घासत होती.

तेव्हापासून आम्ही ठरवलं. रोजचा फोन नको. बुधवारी दहा मिनिटं आणि रविवारी निवांत. मधल्या दिवशी एक निरोप तेवढा, "ठीक आहे". लांबचं मूल रोज रात्री आईला हजेरी द्यायला बांधलं गेलं की त्याला तिथली माणसं जोडायला सवड मिळत नाही. आपला जीव रमावा म्हणून आपण त्याचा वेळ घेत असतो, हे कबूल करायला मला सहा महिने लागले.

आणि काय बोलायचं? आपले प्रश्न ठरलेले. जेवलीस काय, थंडी आहे काय, अभ्यास कसा, अमक्याच्या मुलाला नोकरी लागली, तू कधी येणार? या पाचही प्रश्नांना "हो", "हो", "बरा", "हं" आणि "बघूया" अशी उत्तरं येतात आणि फोन संपतो. त्यापेक्षा "आज कुणाबरोबर जेवलीस?" असं विचारलं की गोष्ट निघते. "कुणाबरोबर" या एका शब्दात मुलीला तिथं माणूस आहे की नाही, हे कळतं.

व्हिडिओ कॉल लावून मोबाइल सगळ्या गल्लीत फिरवू नये. पाहुण्यांसमोर बसवून "जर्मन बोलून दाखव" म्हणू नये. आपल्या बेळगावच्या पोरांना भाषेची तशी भीती नसते. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, बाजारात कोकणी-हिंदी असं ती वाढलेली असतात. पण ए-वन, ए-टू, बी-वन अशा पायऱ्या चढत शिकलेली भाषा ही मेहनतीची कमाई असते. तिचा तमाशा केलेला मुलांना आवडत नाही.

सासूबाईंचा मात्र एकच प्रश्न असे. पहिल्या डिसेंबरात लेकीनं खिडकीबाहेर मोबाइल धरला तर काळोख. तिकडं दुपारचे साडेचार. तिथं त्या दिवसांत सकाळी आठनंतर उजाडतं आणि चारलाच अंधारून येतं. सासूबाई घाबऱ्याच झाल्या. मग म्हणाल्या, "तिन्हीसांज झाली गं बाई. दिवा लाव. दिवा लावलास की जेवून घे." त्यानंतर दर फोनला त्या तेवढंच विचारत, "दिवा लावलास काय?" आणि लेक टेबलावरची मेणबत्ती उचलून दाखवत असे.

झाकली मूठ

आता जे लिहायचं ते लिहिताना हात जड होतो.

२०२४ च्या जानेवारीत सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण नंतर छातीत कफ भरला आणि त्या उठल्याच नाहीत. तीन आठवडे दवाखान्यात होत्या. लेकीची पहिल्या सेमिस्टरची परीक्षा फेब्रुवारीत होती. आम्ही दोघांनी ठरवलं, तिला सांगायचं नाही. "परीक्षा होऊ दे. लांब आहे, काय करणार ती? उगाच जीवाला घोर." रविवारी ती विचारी, "आज्जी कुठाय?" मी सांगे, "झोपलीय गं." दवाखान्यात सासूबाई विचारत, "पोरीचा फोन आला काय?" मी सांगे, "अभ्यासात आहे." दोघींना मी खोटं सांगत होते आणि मला वाटत होतं, मी दोघींना सांभाळते आहे.

१२ फेब्रुवारीला सासूबाई गेल्या. लेकीचे पेपर १५ आणि २२ तारखेला होते. मधल्या रविवारीही फोन आला. "आज्जी देवळात गेलीय" असं मी या तोंडानं सांगितलं. २३ तारखेला संध्याकाळी ह्यांनी तिला खरं ते सांगितलं. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "केव्हा?" ह्यांनी तारीख सांगितली. तिनं मनातल्या मनात दिवस मोजले असणार. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे रविवारी आज्जी देवळात नव्हती," आणि फोन ठेवला.

पुढं ती नीट बोलू लागली. वेळेवर फोन, सगळं ठीक, अभ्यास बरा, जेवले. आम्हाला वाटलं, सावरली. आणि मग ऑगस्टमध्ये ती पाच-पाचची गुणपत्रिका आली.

ते दोन विषय फेब्रुवारीतच गेले होते. म्हणजे आम्ही तिच्यापासून लपवलं म्हणून ती पास झाली, असंही नाही. रात्रपाळी आणि परकी परीक्षापद्धत यांनी तिचा घात आधीच केला होता. सहा महिने ती एकटी ते पोटात घेऊन होती. मी विचारलं, "अगं, सांगायचं नाहीस काय आम्हाला?" तेव्हा ती जे म्हणाली ते मी विसरणार नाही. "आई, लांबच्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकले."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. व्यवहारात ते खरं असेल. आईबाप आणि मूल यांच्यात मात्र झाकलेली मूठ फार महाग पडते.

तिसरी संधी

सप्टेंबरात फेरपरीक्षेचा निकाल आला. एक विषय सुटला, दुसरा पुन्हा गेला. तिच्या अभ्यासक्रमात एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं की तो अभ्यासक्रम सोडावा लागतो आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. म्हणजे घर तारण, पाटल्या मोडलेल्या आणि सगळं एका पेपरवर!

त्या रात्री ह्यांना झोप नव्हती. पहाटे उठून ते म्हणाले, "आपण तिला काय सांगायचं ते आधी ठरवूया. अभ्यास कर म्हणून सांगायचं नाही. ते तिला ठाऊक आहे." रविवारी त्यांनी लेकीला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, घराचं कर्ज आमचं आहे, ते आम्ही फेडू, तू पास झालीस तरी आणि नाही झालीस तरी. दुसरी, परतीच्या तिकिटाचे पैसे आजपासून वेगळ्या खात्यात ठेवले आहेत. जेव्हा वाटेल तेव्हा ये, कारण सांगायची गरज नाही. आणि तिसरी, इथून पुढं या घरात कुणी कुणापासून काही लपवायचं नाही. आमचं दुखणं तुला त्याच दिवशी कळेल आणि तुझा निकाल आम्हाला.

ती तेव्हा रडली. फेब्रुवारीत अडकलेलं रडणं ते होतं. आज्जीसाठीचं.

त्यानंतर तिनं गोदामाचं काम परीक्षेपुरतं थांबवलं. विद्यापीठाच्या अभ्यास-सल्लागाराकडे गेली. तिथं श्टुडिरेंडनवेर्क नावाची संस्था विद्यार्थ्यांची खानावळ, वसतिगृहं बघते, तिच्यातर्फे समुपदेशनही मिळतं. तिथंही ती गेली. पूर्वी मी म्हटलं असतं, "डोक्याच्या डॉक्टरकडे कशाला?" या वेळी म्हटलं, "कुणाबरोबर गेलीस? बरं वाटलं काय?" जुने पेपर मिळवून वर्गातल्या दोघींबरोबर तिनं अभ्यास केला. त्यातली एक व्हिएतनामची, दुसरी आपल्या हुबळीची. दोघी बेळगावात भेटत्या तर कन्नडमध्ये बोलल्या असत्या, तिथंही कन्नडमध्येच बोलतात. सीमेचा वाद तिथल्या थंडीत कुणाला आठवत नसावा!

२०२५ च्या फेब्रुवारीत तिसऱ्यांदा पेपर झाला. निकालाचा फोन आला तेव्हा हे कारखान्यात होते. लेक म्हणाली, "तीन पूर्णांक सात." ह्यांनी लेथच्या आवाजात ओरडून विचारलं, "म्हणजे पास की नापास, ते सांग आधी!" "पास, बाबा. काठावर, पण पास." कुंदा आणायच्या आधी ह्यांनी ते दोनदा विचारून घेतलं.

मार्चमध्ये ती तीन आठवडे घरी आली, त्याच वेगळ्या ठेवलेल्या पैशातून. पिशवी ठेवून आधी आज्जीच्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही तिला बोलावलं नाही.

एवढं तरी करा

माझ्यासारख्या आयांसाठी थोडक्यात लिहिते.

खर्च, कर्ज, व्याज यांचा हिशेब मुलासमोर मांडा. अर्धवट कळलेला हिशेब मुलाला पुऱ्या हिशेबापेक्षा जास्त घाबरवतो.

तिथली गुण देण्याची पद्धत, परीक्षेचे महिने, नापास झाल्यावरचे नियम आधी विचारून घ्या. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च आणि उन्हाळी एप्रिल ते सप्टेंबर असतं. दिवाळी ऐन शिकवणीच्या दिवसांत येते, तेव्हा "दिवाळीला का येत नाहीस" असं विचारून मुलाला अपराधी वाटू देऊ नका. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिथं अनेकांना अडीच-तीन वर्षं लागतात, तेही गृहीत धरा.

परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा आणि ते ठेवले आहेत हे मुलाला सांगा. परत यायची वाट मोकळी आहे म्हटल्यावर मूल पुढं जायला घाबरत नाही.

तिथल्या एका मित्राचा किंवा मैत्रिणीचा नंबर तुमच्याकडे असू दे, पण तो फक्त खऱ्या अडचणीसाठी. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर मुलाची नोंद करून ठेवा. जर्मनीत तातडीच्या मदतीसाठी ११२ नंबर आहे. मन फारच खचलं तर बोलायला ०८०० १११ ०१११ ही मोफत सेवा चोवीस तास असते, ती मुख्यतः जर्मन भाषेत. आणि मागं राहिलेल्या आपल्यालाही कधी बोलावंसं वाटलं तर आपल्याकडे टेली-मानस ही सेवा १४४१६ वर आहे. लेक गेल्यावर रिकाम्या खोलीत बसून राहण्यापेक्षा ते बरं.

वाईट बातमी लपवू नका. कशी सांगायची ते ठरवा, कुणी जवळ असताना सांगा, पण सांगा. घरात आपलंही स्थान आहे, सुखात आणि दुःखातही, हे लांबच्या मुलाला त्यातूनच कळतं.

आता लेकीचा प्रबंध चालू आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिसऱ्या वर्षात गेला, गल्लीत कुणी विचारलं तर हे सरळ सांगतात, "एक विषय राहिला होता, म्हणून." सांगताना त्यांची मान खाली जात नाही.

रविवारी नऊला फोन येतो. पाच ठरलेले प्रश्न मी सोडून दिलेत. एकच ठेवलाय, तोही माझा नव्हे. "दिवा लावलास काय गं?" म्हणून विचारते. ती मेणबत्ती उचलून दाखवते आणि मग तासभर बोलत बसते.